बिनमिशीचा रोली

खात्यात चार पैसे साठलेत आणि ते तिथेच सुखाने पडून आहेत, हे बघवत नसेल तर रोली फिंगर्सचं १९६९ सालचं टॉप्स कंपनीचं कार्ड, म्हणजे खेळाडूचा फोटो छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा, विकत घ्या.

रोली म्हणजे अमेरिकन बेसबॉलमधला रिलीफ पिचर, म्हणजे मधूनच बदली म्हणून येणारा चेंडूफेक्या. सामना निसटायला लागला की ज्याच्या गळ्यात चेंडू मारतात, तो. असे सामने वाचवल्याचे ३४१ ‘सेव्ह’ त्याच्या नावावर आहेत. पण लोक त्याला ओळखतात ते मिशीवरून: दोन्ही टोकांना मेण लावून पिळलेली, अगदी तमाशातल्या सरदारासारखी. १९७२ साली ओकलंडच्या संघमालकाने मिशी ठेवणाऱ्या खेळाडूला ३०० डॉलर देऊ केले, तेव्हा ती उगवली.

आता हिशेब करा. कार्ड १९६९चं, मिशी १९७२ची. म्हणजे तुमच्या कार्डावरचा रोली सफाचट! शिवाय तो एकटाही नाही. ५९७ नंबरच्या त्या कार्डावर तीन नवखी पोरं दाटीवाटीने बसवलीत. पाहुण्यांना ‘यातला हा’ असं दाखवून द्यावं लागेल. दाखवा, पण बोट टेकवू नका.

कारण खरा खेळ कोपऱ्यांचा आहे. भिंग घ्या. कोपऱ्यावरचा रंग सुईच्या टोकाएवढा जरी उडालेला दिसला, तरी घरात सुतक पाळा. पांढरी किनार डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक असेल, तर छापखान्यातल्या त्या माणसाला मनसोक्त शिव्या द्या. मग दहापैकी गुण द्यायला कार्ड तज्ज्ञांकडे पाठवा. ते त्याला कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत पाठवतात. एवढे पैसे मोजलेल्या पुठ्ठ्याला यापुढे तुमचाही हात लागणार नाही.

तेव्हाची पोरं च्युइंगगमसोबत मिळणारी ही कार्डं सायकलच्या चाकात अडकवून फटफट वाजवत फिरायची. त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी नासवली, म्हणून तर तुम्हाला इतकं महाग घ्यायचं भाग्य लाभलं.

आणि हो, १९८६ साली सिनसिनाटीच्या संघाने रोलीला बोलावलं होतं. अट एकच, मिशी काढायची. गड्याने खेळ सोडला, मिशी नाही सोडली. तुम्ही मात्र त्याच्या बिनमिशीच्या तोंडासाठी बोली आणखी शंभर डॉलरने वाढवा. लिलाव संपायला चार मिनिटं उरलीत.