मावशींना म्हटलं, ते स्वतःला का नाही?

गेल्या आठवड्यात आमच्या कामाच्या मावशी कंबर धरूनच घरात आल्या. मी लगेच म्हटलं, "मावशी, आज फरशी राहू द्या. बसा, चहा घ्या." त्या चहा पिऊन गेल्या. (बाकीच्या चार घरी त्यांना असं कोण म्हणत असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.) त्या गेल्यावर मी बादली भरली आणि सगळं घर पुसून काढलं. माझे खांदे सकाळपासून ठणकत होते. पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही.

मला फायब्रोमायल्जिया आहे. अंगभर दुखणं, रात्रभर झोपूनही न जाणारा थकवा, बोलता बोलता साधा शब्द न आठवणं. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये हा आजार दिसत नाही, कारण बिघाड सांध्यांत नसतो. मज्जासंस्थाच वेदना वाढवून जाणवून देते. निदान व्हायला पाच वर्षं लागली. तोवर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनावर घेऊ नका" एवढंच ऐकलं. मग लोक म्हणायचे ते मीच स्वतःला म्हणू लागले. आळशी आहेस. आई एवढ्या खटल्याचं करून शेतावर जायची, तुला चार पोळ्या जड होतात?

वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं तिच्यासोबतच्या टिपेत आहे. ते वाचून मी खूप रडले. इतकी वर्षं मी डॉक्टरांवर, नातेवाइकांवर चिडत होते, आणि माझ्या सांगण्याचा मान मी तरी कुठे राखला होता?

स्वतःवर माया करण्याला आपल्याकडे लगेच "स्वतःची कीव करणं" म्हणतात. मला ते पटत नाही. कीव करताना मी एकटी पडते, माझ्याच नशिबी का, असं म्हणत भिंतीकडे तोंड करून झोपते. माया केली की तसं होत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 साली हे नीट मांडलं: स्वतःशी मायेनं वागायचं, दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखायचं, आणि त्रास दडवायचा नाही की त्यात बुडून जायचं नाही.

आणि माया म्हणजे नुसतं पडून राहणंही नव्हे. या आजारात व्यायाम हवाच. मी रोज वीस मिनिटं चालते. घात करतो तो बरा दिवस. जरा हलकं वाटलं की राहिलेल्या कामांची लाज वाटते, मग माळा आवरायचा, डबे घासायचे, आणि चार दिवस झोपून काढायचे. फिजिओथेरपिस्ट सांगतात, दुखायला लागायच्या आधीच थांबा. ऐकायला सोपं आहे. पण स्वतःला आळशी म्हणणारी बाई काम अर्ध्यावर टाकून थांबूच शकत नाही. म्हणून मला वाटतं, स्वतःवर माया करणं हा स्वभावाचा नाही, उपचाराचाच भाग आहे, आणि दवाखान्यात गोळ्यांसोबत याविषयीही बोललं गेलं पाहिजे.

दुखणं आहे तसंच आहे. आज मावशींनी विचारलं, "ताई, तुमचं अंग कसंय?" एरवी मी "बरंय" म्हणते. आज म्हटलं, "दुखतंय हो." त्यांनी काही न बोलता स्टूल ओट्यापाशी सरकवलं. मी बसून पोळ्या लाटल्या.