गोपीचंद खरं बोलले, पण ते ऐकून आपण काय केलं?

२०२५ च्या फेब्रुवारीत हैदराबादचे बॅडमिंटन प्रशिक्षक, एकेकाळचे विजेते खेळाडू पुलेला गोपीचंद एका मुलाखतीत सरळच बोलले: घरी पैसा नसेल, घरचा धंदा नसेल, तर लेकराला खेळात करिअर करायला लावू नका. आमच्या नांदेडच्या सकाळच्या बॅडमिंटन ग्रुपवर ती बातमी पडली आणि दिवसभर नुसता धुरळा उडाला. एक गट म्हणे, हा माणूस स्वतः अकादमी चालवतो आणि लोकांना येऊ नका म्हणून सांगतो, हे काय? दुसरा गट खूश. पोरीची रॅकेट माळ्यावर टाकायला त्यांना थेट हैदराबादहून परवानगी मिळाली होती. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथं लिहिलेलं पाच मिनिटांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. म्हणून इथं जरा ऐसपैस लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गोपीचंद बोलले ते खरं आहे आणि ते बोलायचा अधिकार देशात सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. फक्त आपण त्यातून जो अर्थ काढला तो सोयीचा काढला.

हा माणूस काही श्रीमंताघरचा नव्हे. दोघं भाऊ खेळायचे. थोरला आयआयटीची परीक्षा पास होऊन तिकडं गेला, धाकटा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला. अभ्यासात हुशार नव्हतो हे माझं नशीब, असं ते स्वतः हसत सांगतात. हेच लेकरू लातूरला जन्मलं असतं तर? नापास झाल्या झाल्या रिपीटर बॅचला बसवलं असतं, रूम करून दिली असती, डबा लावला असता. बॅडमिंटनमधली मानाची ऑल इंग्लंड स्पर्धा राहिली बाजूला, दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी कॉलेजात सीट मिळाली म्हणून चौकात बॅनर लागला असता.

१९९४ मध्ये, जेमतेम विशीत, दुहेरी खेळताना त्यांच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. बॅडमिंटनमध्ये गुडघा गेला म्हणजे जवळपास सगळंच गेलं. उडी मारून स्मॅश मारल्यावर खाली येताना सगळं वजन एका पायावर येतं, नेटजवळचा ड्रॉप उचलायला पाय लांब टाकून वाकावं लागतं, आणि एका सामन्यात हे शेकडो वेळा. त्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन हा माणूस परत उभा राहिला आणि १९९६ ते २००० अशी सलग पाच वर्षं राष्ट्रीय विजेता झाला. सिडनी ऑलिंपिकमध्ये शेवटच्या सोळांत इंडोनेशियाच्या हेंद्रावाननं हरवलं. तो पुढं रौप्यपदक घेऊन गेला. आणि मग मार्च २००१, बर्मिंगहॅमची ऑल इंग्लंड. उपांत्य फेरीत हरवला डेन्मार्कचा पीटर गेड १७-१४, १७-१५, अंतिम फेरीत चीनचा चेन हाँग १५-१२, १५-६. १९८० च्या प्रकाश पदुकोणनंतर ऑल इंग्लंड जिंकणारा दुसरा भारतीय. तिसरा अजून झालेला नाही. सायना नेहवाल २०१५ ला आणि लक्ष्य सेन २०२२ ला अंतिम फेरीपर्यंत जाऊन परत आले.

इथंच गोष्ट संपली असती तर मी ही पोस्ट लिहिली नसती. विजेते बरेच असतात. जिंकल्यावर कोला कंपनीची जाहिरात आली तर ती त्यांनी नाकारली, आपण जे पीत नाही ते पोरांना प्या कसं म्हणायचं म्हणून. २००३ मध्ये आंध्र सरकारनं हैदराबादच्या गचिबावलीला पाच एकर जमीन दिली, पण जमिनीवर हॉल कुठून बांधायचा? त्यांनी राहतं घर गहाण टाकलं. घरात बायकोही ऑलिंपिक खेळाडू, पी. व्ही. व्ही. लक्ष्मी, १९९६ च्या अटलांटाची. म्हणून तर त्या घरात असला निर्णय होऊ शकला. आपल्याकडं घर गहाण पडतं ते पोरीच्या लग्नासाठी नाहीतर बोअर घ्यायला. पुढं निम्मगड्डा प्रसाद या उद्योजकानं पाच कोटी दिले आणि २००८ मध्ये अकादमी उभी राहिली. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सायनाचं कांस्य, २०१६ ला रिओत पी. व्ही. सिंधूचं रौप्य. २०१८ च्या एप्रिलमध्ये किदंबी श्रीकांत जागतिक क्रमवारीत पहिला. हे सगळं पहाटे चारसाडेचारला कोर्टवर उभ्या राहणाऱ्या एका माणसाच्या आसपास घडलं.

देव्हाऱ्यात बसवायचं काही कारण नाही. रिओच्या आधी तीन महिने त्यांनी सिंधूचा फोन काढून घेतला होता. एकवीस वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला ते आजही नीट पटत नाही, पदक आलं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. राष्ट्रीय प्रशिक्षकही तेच आणि खासगी अकादमीही त्यांचीच, दुहेरीकडं दुर्लक्ष होतं, असं दुहेरीची खेळाडू ज्वाला गुट्टा वर्षानुवर्षं उघड बोलत आली. त्यात तथ्य नाही असं म्हणणं अवघड आहे. सगळा देश एका माणसाच्या एका हॉलवर अवलंबून राहिला की असंच होणार.

आता आपल्याकडं येतो. हैदराबाद आपल्याला परकं नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. आजही नांदेडचा माणूस मोठं ऑपरेशन निघालं की मुंबईआधी हैदराबादचा विचार करतो, आणि आमची रेल्वेसुद्धा सिकंदराबादच्या झोनमध्ये (त्यावर वेगळी पोस्ट लागेल). गाडीत बसलं की काही तासांत तिकडं. मग तिकडं हे का घडलं आणि इकडं का नाही?

सायनाचे वडील शेतीशास्त्रज्ञ. नोकरीच्या निमित्तानं हिसारहून हैदराबादला आले. पोरीच्या खेळासाठी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. आता समजा, त्यांना परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरी लागली असती. बाप तोच, पोरगी तीच, प्रॉव्हिडंट फंड तोच. तिला काय मिळालं असतं? हैदराबादला लालबहादूर स्टेडियम होतं आणि तिथं सय्यद मोहम्मद आरिफ नावाचे प्रशिक्षक होते, पतियाळाच्या एनआयएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, शिकलेले. त्यांनीच आधी गोपीचंदला घडवलं होतं. पुढं गोपीचंदनं सायनाला आणि सिंधूला. हैदराबादच्या पाण्यात काही विशेष नाही. तिथं एक माणूस टिकून शिकवत राहिला आणि त्याच्या हाताखालचा पोरगा खेळून झाल्यावर शिकवायला परत आला, एवढाच फरक.

आपल्याकडं गुणवत्ता नाही हे तर कुणी बोलूच नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावला. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पण साबळेला घडवलं सैन्यानं, आणि खो-खोला मैदान, दोन खांब आणि जीव ओतणारा प्रशिक्षक पुरतो. बॅडमिंटन भरल्या घरचा खेळ आहे. बंद हॉल लागतो, कारण वाऱ्यात शटल खेळताच येत नाही. खाली लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअर लागतं, फरशीवर गुडघे जातात. आणि शटल लागतात.

शटलचं जरा सांगतो, कारण सगळं गणित तिथंच फसतं. एका शटलला सोळा पिसं, बदकाची नाहीतर हंसाची. त्यातलं एक मोडलं की शटल भरकटायला लागतं. बऱ्यापैकी खेळणाऱ्या दोन पोरांना एका सामन्याला तीनचार सहज लागतात. आमच्या मे महिन्यात तर पिसं कोरडी पडून कुडकुडीत होतात, दोन स्मॅशमध्ये तुकडा. आम्ही खेळतो त्याच्या शेजारच्या कोर्टवर एक सर पोरांना शिकवतात. ते आल्याबरोबर इलेक्ट्रिक किटली लावतात, शटलच्या नळीची दोन्ही झाकणं काढून ती वाफेवर धरतात, म्हणजे पिसं जरा लवचिक होऊन जास्त टिकतात. आमच्यासारख्या पोट सुटलेल्या मंडळींनी टाकून दिलेली शटल दोन मुली रोज गोळा करतात आणि निवडत बसतात: बरी एका डब्यात, निकामी दुसऱ्यात. बऱ्या डब्यातली शटल सर नेटपलीकडून एकामागून एक फेकतात आणि पोरं कोपऱ्या-कोपऱ्यात पळतात. शटलचे भाव गेल्या काही वर्षांत असे वाढलेत की हा डबाच सरांची अकादमी आहे.

हे सर कधीकाळी विद्यापीठाकडून खेळलेले. सकाळी दोन तास पोरं, दुपारी विम्याच्या पॉलिसी. फी वाढवली तर निम्मी पोरं जातात, नाही वाढवली तर हॉलचं भाडं निघत नाही. परवा एक बाप आला, पोराकडं बोट दाखवून म्हणाला, "सर, लई खेळूलालंय हे. अभ्यास कवा करावं यानं?" सर हसून म्हणाले, "आठवीपर्यंत तरी ठेवा." आठवीनंतर ठेवा असं तेही म्हणत नाहीत. गोपीचंद जे मोठ्या पेपरात म्हणाले, ते हे सर रोज सकाळी हळू आवाजात म्हणतात.

आणि आपण काय करतो? संकुल बांधतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते. मग निवडणूक आली की हॉल मतदान यंत्रांना, मध्ये कुणाचं प्रदर्शन, कुणाचा सत्कार, फ्लोअरवर खुर्च्या ओढल्याचे चरे. हॉलला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडं आहे हे शिपायालाही माहीत नसतं. शाळेत पीटीचा तास गणिताला दिला म्हणून पालकच खूश. कोट्यवधींचं बांधकाम मंजूर होतं, पण तिथं रोज उभा राहणारा माणूस कोण, त्याला पगार कोण देणार, याचं उत्तर कुणाकडंच नाही.

माझं म्हणणं छोटं आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यात बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाली ती झाली, पण खरे खेळाडूही त्यातून लागलेत. तहसीलमध्ये, जिल्हा परिषदेत, कुठं कुठं फायलींना दोरे बांधत बसलेत. नोकरी लागली की रॅकेट बंद. गोपीचंदचं दुखणंही हेच होतं, की खेळून झाल्यावर या माणसांना ना मान, ना त्यांच्या कामाचं काम. या लोकांना रोजचे दोन तास कार्यालयातून मोकळे करा आणि तालुक्याच्या हॉलवर शिकवायला लावा. तेच त्यांचं ड्युटीचं काम धरा. ज्यांना आवड आहे त्यांना सरकारी खर्चानं पतियाळाला कोर्सला पाठवा. शटलचा खर्च संकुलाच्या देखभालीत टाका, जसा झाडूचा आणि फिनाईलचा टाकता. याला ना नवी इमारत लागते ना टेंडर, आणि कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नाही. एका पानाचा जीआर पुरेल. कुणा आमदाराचा पीए हे वाचत असेल तर साहेबांच्या कानावर घाला. हॉलच्या नव्या लाइटांचं उद्घाटन साहेबांनी खुशाल करावं, हार आमच्या ग्रुपतर्फे.