शहाण्या लिओच्या राज्यात धंदा कसा करावा

दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, दुकान थाटायचा विचार असेल, तर अवश्य थाटा. गिऱ्हाईक मुबलक, सोन्याचं नाणं खणखणीत आणि गादीवर सम्राट सहावा लिओ, ज्याला जग 'शहाणा' म्हणतं. काय विकावं, कुठे विकावं, कितीपर्यंत नफा घ्यावा, असली डोकेदुखी तुम्हाला नाही. ती शहराच्या कारभाऱ्याने, एपार्कने, आपल्या शिरावर घेतली आहे. त्यासाठी ९१२ च्या सुमारास नियमांचं अख्खं पुस्तक निघालं. मोडलात, तर फटके, हजामत आणि धंद्यातून हकालपट्टी. हजामत शब्दशः.

माझं ऐकाल तर अत्तराचा धंदा धरा. मिरी, दालचिनी, कस्तुरी, ऊद, सगळं तुमच्याकडेच. मात्र मांडणी करायची ती मिलिऑनच्या, म्हणजे जिथून साम्राज्यातली अंतरं मोजतात त्या, कमानीपासून राजवाड्याच्या खाल्की दरवाजावरच्या ख्रिस्ताच्या तसबिरीपर्यंतच. सुवास तसबिरीपर्यंत पोचावा आणि राजवाड्याच्या देवडीत दरवळावा, असं कारण पुस्तकातच दिलंय. देवाच्या धूपाचा खर्च तुमच्या गल्ल्यातून परस्पर निघतो. पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होतं, ते विचारू नये. आदल्या शतकात प्रतिमाभंजक, म्हणजे धार्मिक तसबिरींची पूजा बंद करणारे, सम्राट होते, तेव्हा तसबिरींकडे बघून नाक मुरडणं हाच धर्म होता. ८४३ पासून तो बदलला. व्यापाऱ्याने असं अद्ययावत राहावं.

दारूचा गुत्ता काढणार असाल, तर रात्रीच्या दुसऱ्या तासाला, म्हणजे साधारण आपल्या आठला, चुली विझवून कुलूप. दिवसभर पिणाऱ्यांना रात्रीही आत घेतलं तर ते हाणामारी करतील, असं सरकारचं म्हणणं. दिवसा पिऊन ते बहुधा स्तोत्रं म्हणत असावेत.

रेशमाचा मोह होईल. होऊ द्या, पण जांभळ्या रंगाला हात लावू नका, तो राजवाड्याचा. लिउटप्रँड नावाचे क्रेमोनाचे बिशप ९६८ मध्ये जर्मन सम्राटाचे वकील म्हणून आले आणि पाच जांभळी वस्त्रं घेऊन निघाले. जाताना पाचही काढून घेतली गेली. असली कापडं आमच्याकडे दिडकीच्या वेश्याही नेसतात, असं बिचारे म्हणाले. व्हेनिस आणि अमाल्फीचे व्यापारी तोच माल तिकडे नेऊन विकत होते ना! तेव्हा बिशप होण्यापेक्षा व्हेनिसचा व्यापारी होणं केव्हाही बरं.

भांडवल कमी पडलं तर कर्ज काढा. लिओचे वडील पहिले बॅसिल यांनी व्याज हे पाप ठरवून बंदच केलं होतं. मुलाने ते चार टक्क्यांवर पुन्हा सुरू केलं. तीर्थरूपांचा कायदा थोरच होता, पण माणसाची जात त्या उंचीला पोचत नाही, असं स्पष्टीकरण कायद्यातच घातलं. वडिलांचा मान राहिला, सावकारांची सोय झाली.

राहिलं लग्न. तेही जपून करा. तिसरं लग्न करणाऱ्याला चर्चची शिक्षा भोगावी लागेल, असा कायदा लिओनेच काढलाय, आणि घराण्याच्या कायद्यात चौथं लग्न हे लग्नच नव्हे. स्वतः लिओच्या तीन राण्या एकामागून एक वारल्या, वारस नाही. मग ९०५ मध्ये त्याच्या प्रेयसीला, झोईला, मुलगा झाला. तिथल्या चर्चचे प्रमुख, पेट्रिआर्क निकोलस मिस्टिकोस, यांनी आईने राजवाडा सोडावा या अटीवर बाळाचा बाप्तिस्मा केला. तिसऱ्या दिवशी आई परत राजवाड्यात, पुढे लग्नही. पेट्रिआर्कने ९०६ च्या नाताळाला सम्राटाला हागिया सोफिया या शहरातल्या मुख्य चर्चच्या दारातच अडवलं. दोन महिन्यांत पेट्रिआर्कची बदली झाली, हद्दपारीवर. रोमच्या पोपकडून परवानगीही आली.

तुम्हाला कोणी पोप ओळखीचा नसेल, तर दोन लग्नांवर थांबा. कारण ९२० मध्ये चर्चने चौथं लग्न कायमचं निषिद्ध ठरवलं, आणि त्या वेळी गादीवर होता त्याच चौथ्या लग्नाचा मुलगा.