जंत प्रतिकारशक्ती वाढवत नाहीत, दाबतात

जंताच्या गोळीचा दिवस जवळ आला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वेळी तो पुतणीच्या अंगणवाडीच्या ग्रुपवर आला आणि दोन आयांनी गोळीला नकार कळवला. मेसेज म्हणतो: पोटातले जंत प्रतिकारशक्ती वाढवतात, वाढलेले इओसिनोफिल (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हा त्याचा पुरावा, परदेशात डॉक्टर मुद्दाम जंतांची अंडी देतात, आणि गोळीने रक्तातल्या पेशी मरतात.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक. इओसिनोफिल वाढतात हे खरं, पण ती जंत शिरल्याची वर्दी आहे. वीतभर लांबीचा गोलकृमी आतड्यात वर्षभर टिकतो, तो शरीराची यंत्रणा आवरूनच. त्याच्या स्रावांमुळे नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढतात, इंटरल्यूकिन-१० हे प्रतिकार शमवणारं प्रथिन जास्त तयार होतं आणि चढाई करणाऱ्या टी पेशी थंडावतात. त्या फक्त जंतापुरत्या थंडावत असत्या तर एक वेळ चाललं असतं. इथिओपियातला २००१ सालचा अभ्यास बघा: जंत असलेल्या लोकांपैकी काहींना अल्बेंडाझोल, म्हणजे जंताच्या गोळीतलंच औषध, दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी, मग दोघांनाही क्षयाची बीसीजी लस. नंतर त्यांच्या रक्तातल्या पेशींसमोर क्षयजंतूंची प्रथिनं ठेवली. जंत काढलेल्यांच्या टी पेशी जोमाने वाढल्या, क्षयाशी लढायला लागणारं इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिनही जास्त निघालं. जंत राहिलेल्यांच्या पेशी मागे पडल्या. आपल्याकडे क्षय घरोघरी माहीत आहे, आणि तरी जंत राहू द्या म्हणायचं?

अंड्यांचं थोडक्यात. ती डुकराच्या चाबूककृमीची, माणसात फार काळ न टिकणारी. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजाराच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये ती फोल ठरली.

पेशी मरण्याच्या गोष्टीत अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. हायडेटिडच्या, म्हणजे फीतकृमीच्या अळ्यांमुळे शरीरात होणाऱ्या, गाठींसाठी हेच औषध ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सलग २८ दिवस देतात. तेव्हा पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी रक्त तपासतात. अंगणवाडीत एकच गोळी मिळते, आणि तिचा फार थोडा भाग रक्तात उतरतो. बाकीची आतड्यातच राहते, जिथे जंत असतात. तिथे ती जंताच्या पेशींचा सांगाडा मोडते. त्याला साखर शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यापुढे पूर्ण ४००. तीन वर्षांपर्यंत गोळी चुरून पाण्यातून द्या, आख्खी दिली तर घशात अडकू शकते. त्याहून मोठ्या मुलांनी चावून खायची. जंत जास्त असले तर मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, ती थोड्या वेळात थांबते. मूल त्या दिवशी आजारी असेल तर बरं झाल्यावर द्या.