'थोडे' सांगणारे आयरिश शब्द

आयरिश भाषेत 'थोडे' हे विशेषण नसून नाम आहे, आणि या एका गोष्टीने मला ती भाषा फार जवळची वाटू लागली. आपण 'थोडे पैसे' म्हणतो. आयरिश माणूस 'ब्यगॉन अरिगिद' म्हणतो, म्हणजे शब्दशः 'पैशांचे थोडके'. मिठाला 'सालन' म्हणतात, पण चिमूटभर मीठ हवे असेल तर 'ग्रॉन्यीन सालिन' मागायचे, म्हणजे मिठाचा इवलासा कण. शेवटचा 'ईन' त्या कणाला आणखी लहान आणि लाडका करतो.

पदार्थ बदलला की मापही बदलते. दुधाचा थेंब 'ब्रीन', एका वेळी तोंडात मावेल तो घोट 'बॉलगम', आयर्लंडमधल्या केरी परगण्यासारख्या भागात दोन्ही हातांची ओंजळ भरेल एवढे ते 'माम', आणि केसाएवढे, धाग्याएवढे काही असेल तर 'रूअन्या'. 'स्मिद', म्हणजे चकार शब्द, तर बहुधा नकारातच भेटतो: त्याच्या तोंडून स्मिदही निघाला नाही. घरी आलेल्या माणसाला 'ब्रीन टे' घेणार का असे विचारतात, तेव्हा थेंबभरच चहा मिळेल असे कोणी समजत नाही. आपणही 'घोटभर चहा घ्या' म्हणत कप काठोकाठ भरतोच. या सगळ्या शब्दांना इंग्रजीत सरसकट 'अ बिट' म्हटले, की त्यांतला हात, तोंड आणि आग्रह निघून जातो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच कुळातला 'कूपला फोकल', म्हणजे 'दोन-चार शब्द', आज सर्वांत प्रसिद्ध आहे, कारण आपल्याला येणारी तुटपुंजी आयरिश भाषा लोक त्याच नावाने सांगतात. आयर्लंडच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले, मात्र शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. भाषणाच्या आरंभी म्हटलेल्या अशा दोन-चार आयरिश शब्दांना मी कमी लेखत नाही. पण 'बॉलगम' आणि 'माम' हे स्वयंपाकघरातले शब्द आहेत, ते व्यासपीठावर टिकणार नाहीत. आयरिश शिकवणाऱ्यांनी वर्गात मिठाचे भांडे ठेवावे, मुलांना चिमूट घ्यायला लावावी, आणि ती बोटांत असतानाच 'ग्रॉन्यीन सालिन' म्हणवून घ्यावे.