मार्शल लॉ आणि कधीच न आलेला मार्शलसाहेब

मे महिना लागला की सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुना मेसेज पुन्हा डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: 1930 साली मार्शल नावाचा इंग्रज अधिकारी सोलापुरात आला, त्याने लावला तो मार्शल लॉ; असा कायदा लागलेलं सोलापूर हे देशातलं एकमेव शहर; आणि मार्शल लॉ म्हणजे आजच्या भाषेत कर्फ्यू. खाली तिरंगा, जोडलेले हात.

आधी साहेबाचा निकाल लावू. हा शब्दप्रयोग इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे. तेव्हा 1930 सालच्या कुणा अधिकाऱ्याचं नाव त्याला चिकटणं शक्यच नाही. गोंधळाला थोडी आपली देवनागरीही जबाबदार आहे. इंग्रजीत शब्द दोन आहेत, उच्चार एकच, म्हणून आपण दोन्ही ‘मार्शल’ असेच लिहितो. कायद्यातल्या मार्शलच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे. तो आला रोमनांच्या युद्धदेवाकडून, मार्सकडून. त्याच देवाचं नाव इंग्रजीत मंगळ ग्रहाला आहे आणि मार्च महिनाही त्याचाच. मार्शल आर्ट्स आणि कोर्ट मार्शल हे याच घरचे.

दुसरा मार्शल ‘एस-एच’चा, फील्ड मार्शलमधला. त्याचं कूळ एकदम वेगळं. जुन्या जर्मॅनिक बोलीत ‘मार्ह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर. दोन्ही मिळून मोतद्दार. हा मोतद्दार तबेल्याचा प्रमुख झाला, मग घोडदळ सांभाळू लागला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत येईपर्यंत बडा सेनाधिकारी होऊन बसला. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदारांना बाहेर काढतात ते मार्शल याच घराण्यातले. (कुठल्या आमदाराला हे कळवू नका, उगाच हक्कभंग यायचा.) मार्शल हे इंग्रजी आडनावही याच मोतद्दाराचं. म्हणजे मेसेजमधला साहेब समजा खरोखर आला असता, तरी त्याच्या आडनावाचा त्या कायद्याशी संबंध नसता.

‘एकमेव शहर’ हेही खोटं. 1919 साली अमृतसर आणि लाहोरमध्ये मार्शल लॉ होता, 1921 साली मलबारमध्ये. ही काही दडवलेली माहिती नाही, जालियनवाला बाग तर शाळेतच शिकवतात.

मला जास्त राग येतो तो मेसेजमध्ये जे नाही त्याचा. गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, 8 मे 1930 ला गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवस इंग्रजांचा अंमल उरलाच नव्हता, गाव लोकांच्या हातात होतं. 12 मेला मार्शल लॉ पुकारला, तो 30 जूनला उठला. व्हाइसरॉयने जो अध्यादेश काढला त्याच्या नावातच ‘शोलापूर’ होतं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली ती 12 जानेवारी 1931 ला, म्हणजे मार्शल लॉ उठून सहा महिने झाल्यावर. नसलेल्या साहेबाला दोन ओळी मिळतात आणि या चौघांची नावंही नाहीत!

राहिला कर्फ्यू. हा शब्द जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘विस्तव झाका’. रात्री घंटा झाली की चुली झाकायच्या. आपली संचारबंदी ती हीच, आणि ती मुलकी अधिकारीही लावतो. मार्शल लॉमध्ये मुलकी कारभारच बाजूला सरतो, हुकूम लष्कराचा चालतो आणि खटलेही लष्करी न्यायालयात उभे राहतात. कर्फ्यू हा त्यातला फार तर एक हुकूम. मेसेजच्या एका नव्या आवृत्तीत 1975 च्या आणीबाणीलाही मार्शल लॉ म्हटलंय. ती राज्यघटनेच्या कलम 352 खाली पुकारली होती. मार्शल लॉचा उल्लेख आहे तो कलम 34 मध्ये.