शेणाचं घर, मेणाचं घर

परवा भाची राहायला आली होती. रात्री तिच्या नव्या पुस्तकातून चिऊकाऊची गोष्ट वाचायला घेतली, तर पहिल्याच पानावर ‘कावळ्याचं घर मातीचं होतं आणि चिमणीचं घर मजबूत होतं.’ शेण गेलं, मेण गेलं. मुलांना कळणार नाही, किंवा घाण वाटेल म्हणून काढलं असणार. मला मनापासून वाईट वाटलं.

पुस्तक मिटलं आणि आई सांगायची तशी सांगितली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. मोठ्ठा पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. चिऊताई चिऊताई, दार उघड. थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. पुढचं ‘थांब’ भाचीच माझ्या आधी म्हणाली, खिदळत. लहानपणी मीही अशीच हसायचे, कारण मी आत असायचे. चिऊचं बाळ म्हणजे मीच. आता त्याच ‘थांब’ला बाहेर भिजणारा काऊ दिसतो आणि पोटात कालवतं. शब्द तोच आहे, म्हणून तर एका पांघरुणात आम्ही दोघी दोन गोष्टी ऐकू शकतो.

ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ काही मुलांसाठी लिहिलेला नाही. तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी आहे, पण घरं हीच: एक शेणाचं, एक मेणाचं. सातशे वर्षांत पक्षी बदलला, घरं टिकली. आणि शेण-मेण ऐकत वाढलेलं पोर पुढे तुकोबांच्या ‘मऊ मेणाहूनि’पाशी येतं, तेव्हा मेण त्याच्या ओळखीचं असतं. ‘मजबूत घर’ ऐकलेल्या पोराने तिथे काय आठवायचं?

श्रावणातल्या कहाण्यांचंही तेच. व्रत आईचं, आजीचं, पण ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की आम्ही पोरंही सरसावून बसायचो. आटपाट म्हणजे काय, कुणी विचारलं नाही. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये, हे अर्थ कळायच्या कितीतरी आधी पाठ होतं. अर्थ मागून येतो हो. शब्द तेवढा आधी घरात असावा लागतो.

भाचीने विचारलंच, “तीट म्हणजे?” उठून काजळाची डबी शोधली, तिच्या गालावर ठिपका लावला. आरशात जाऊन बघून आली, पांघरुणात शिरली आणि म्हणाली, “लावली ना तीट? मग उघड आता दार.”